गप्प राहायची तालीम

आमच्या माडीवरच्या खोलीत महिपतीभाऊ राहायला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. आले तेव्हा बरोबर त्यांची बायको सारजाबाई होत्या, शाळेत जाणारी मुलगी अक्षता होती, आणि एका काळ्या पेटीत ट्रम्पेट होतं. पुढे अक्षता लग्न होऊन कुर्डुवाडीला गेली, जावई तिथे रेल्वेत आहे. सारजाबाई करोनात गेल्या. पेटी तेवढी राहिली.

खोली द्यायची ठरली तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "बँडवाल्याला कुठं घरात घेतेस? रोज कान फुटतील."

मी म्हटलं, "देवळात चौघडा वाजतो तेव्हा नाही फुटत कान?"

त्यावर ह्यांनी मान हलवली आणि भाडेकरू ठरला.

मला रोज वहीत चार ओळी लिहायची सवय आहे. पूजा झाली, स्वयंपाक झाला की दुपारी टेकते आणि लिहिते. बहुतेक तेच ते असतं: नळाला पाणी आलं की नाही, सोमवारी सिद्धेश्वराला जाऊन आले, शेंगा भाजल्या, चटणी कुटली. पण गेले काही महिने वहीत सारखे महिपतीभाऊच येताहेत. म्हणून म्हटलं, त्यांचं एकदा सलग लिहावं. कुणी मोठा माणूस नाही ते. लग्नाच्या वरातीत पुढच्या रांगेत लाल कोट घालून ट्रम्पेट वाजवणारे, वाजवून झालं की पायांना तेल लावून झोपणारे.

ते मूळचे मंगळवेढ्याकडचे. घरची जिराईत जमीन थोरल्या भावाने धरली, हे चुलत्याच्या मागे सोलापूरला आले आणि बँडमध्ये लागले. लग्नाच्या बँडचा एक नियम मला त्यांच्याकडूनच कळला. नवरदेवाच्या दारात गाणं सुरू झालं की मांडवाच्या दारापर्यंत ते तुटू द्यायचं नाही. ढोल थांबला तरी चालेल, ट्रम्पेट थांबता कामा नये. वाटेत सूर तुटला तर नवरदेवाकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात आणि नंतर संसारात काही बिनसलं तर त्याचा बोल बँडवाल्याला लागतो. पण माणसाला श्वास तर घ्यावाच लागतो. म्हणून पुढच्या रांगेत ट्रम्पेट दोन. एकाचा दम संपत आला की दुसऱ्यानं तिथूनच उचलायचं, ओळ अर्धी असली तरी. ऐकणाऱ्याला पत्ता लागायला नको की वाजवणारा बदलला. याला ते 'जोड देणं' म्हणायचे.

महिपतीभाऊंचा जोडीदार म्हणजे शिवशरण, रांगेत कायम त्यांच्या उजव्या हाताला. लग्नसराईत दोघं आमच्याच दारावरून निघायचे. शिवशरण अंगानं आडवा आणि तोंडाचा फटकळ. चहा घेता घेता मला सांगायचा, "अक्का, ह्येचा दम बकरीगत हाय. निम्मं गाणं मीच वाजवतो आन बक्षीस ह्येला मिळतं."

महिपतीभाऊ बशीत चहा ओतत म्हणायचे, "तुजं त्वांड लई मोठं, म्हनून लोकांना वाटतं तू खातोयास. वाजवतोयास आसं कुनाला वाटतच न्हाय."

असं त्यांचं चालायचं. रस्त्यावर वाजवायला लागले की मात्र दोन माणसं आहेत असं वाटायचं नाही.

सारजाबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी शिवशरणही गेला. गावी जेवून उठला आणि पाण्याचा तांब्या हातात असतानाच बसला, तो बसलाच. त्यानंतरचा एक हंगाम महिपतीभाऊंनी एकट्यानं काढला. मालकानं दुसरा ट्रम्पेटवाला दिला नाही. "आजकाल कोण ऐकतं?" म्हणाला. मग महिपतीभाऊ दोघांचं एकटेच वाजवायचे. श्वास चोरून घ्यायचा, नाकानं ओढायचा, पण सूर सोडायचा नाही. वरातीहून आले की जिन्यात बसून राहायचे, मानेच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या. मी लिंबूपाणी दिलं की म्हणायचे, "तुटू दिलं न्हाय, अक्का." पुढच्या वर्षी मालकानं बँड मोडला आणि डीजेचा ट्रक घेतला.

तेव्हापासून ते एका कापडाच्या दुकानात रखवालीला आहेत. दिवसभर खुर्चीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडायचं. संध्याकाळी घरी आले की ट्रम्पेटच्या तोंडात फडकं कोंबून थोडा वेळ नुसते लांब सूर लावायचे. गाणं नाही. मी एकदा विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, "वाजवलं न्हाय तर व्हट मरतो, अक्का." अक्षताचा फोन आला की खणखणीत आवाजात सांगायचे, मी मजेत हाय. फोन ठेवला की वरच्या खोलीत पुन्हा चिडीचूप. मी गच्चीवर जाता-येता ते खिडकीतून दिसायचे, स्वतःच रांधून ताट वाढून घेतलेले. भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी दारात एक मुलगी आली. केस आखूड, खांद्याला मोठी काळी पिशवी.

"काकू, वर ट्रम्पेट कोण वाजवतं?"

मला वाटलं तक्रार घेऊन आली. म्हटलं, "आमचे भाडेकरू आहेत. वयस्कर आहेत. फडकं लावूनच वाजवतात हो."

ती हसली. "फडकं काढायला सांगायला आलेय."

तिचं नाव ऋतुजा. पिशवीत सॅक्सोफोन होता. आमच्या मागच्या अंगाला चादरींच्या मागाचा एक शेड आहे, कधीचा बंद. तो अजिंक्य नावाच्या मुलाच्या आजोबांचा. या अजिंक्यनं तिथे आपल्या बँडची तालीम सुरू केली होती. पण हा बँड लग्नातला नव्हे. गिटार, ड्रम, जाड तारांची बेस गिटार, आणि वर पितळी वाद्यांची एक तुकडी. तिला ते हॉर्न सेक्शन म्हणतात. संगीताचं नाव सोल आणि फंक. ऋतुजाचा सॅक्सोफोन होता, अभिमन्यू नावाचा एक मुलगा ट्रॉम्बोन वाजवायचा, त्याची नळी पुढे-मागे सरकते. ट्रम्पेटची जागा रिकामी होती.

महिपतीभाऊ जिना उतरून आले, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती जन हायसा?"

"तुम्ही आलात तर सात."

"सात," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाढी करून गेले.

पहिले काही दिवस मी त्यांचा चेहरा बघून खूश होते. दुकानातून आले की घाईनं हातपाय धुवायचे आणि शेडकडे. रविवारी सकाळची तालीम असायची, तेव्हा मी कडक भाकरी आणि चटणी पाठवायची. कधी स्वतःच घेऊन जायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. ते संगीत मला आधी कळेना. ड्रम आणि बेस खालून उखळात कांडल्यासारखं चालू असतं, अजिंक्य गातो, आणि ही तीन पितळी वाद्यं मध्येच तडतडतात. गरम तेलात मोहरी पडावी तशी. पॅप, पॅप! की गप्प. पुन्हा खूप वेळानं पॅप! मला वाटलं, एवढंच वाजवायचं तर तिघं कशाला?

गाडं अडलं ते त्या गप्प राहण्यातच.

तिघांनी एकदम वाजवायचं आणि एकदम थांबायचं. थांबल्यावर मधली जागा मोकळी सोडायची. ऋतुजा थांबायची, अभिमन्यू थांबायचा आणि महिपतीभाऊ उचलायचे. शेजारचा थांबला की आपण घ्यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते अजिंक्य गात असलेली ओळच पुढे वाजवायला लागायचे, गोड, लांबलचक, वरातीत वाजवतात तशी. अजिंक्य गाता गाता थांबायचा. सगळे थांबायचे. महिपतीभाऊ एकटेच वाजवत राहायचे, मग डोळे उघडायचे.

"काका, इथे सोडायचंय," अजिंक्य म्हणायचा.

"व्हय व्हय, सोडायचंय."

पुन्हा सुरू. पुन्हा तेच.

अभिमन्यू म्हणाला, "काकांचं पॅक अनलिमिटेड आहे, संपतच नाही!" पोरं हसली. महिपतीभाऊही हसले. पण मी भाकरीचं फडकं घेऊन दारात उभी होते, मला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

समजत नव्हतं असं नाही. त्यांना चांगलं समजत होतं. मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "डोस्क्याला कळतंय, अक्का. पन ती पोरगी थांबली की माज्या छातीत कायतर हलतं. वाटतं, पोरगीचा दम संपला. आता आपुन न्हाय घेतलं तर गानं तुटंल."

मी म्हटलं, "महिपतीभाऊ, गप्प राहणं सोपं नसतं. मी लग्न होऊन आल्यापासून रोज लिंगपूजेला डोळे मिटून बसते. आतलं बोलणं एक दिवस थांबलेलं नाही."

"मग तुमी काय करता?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते."

दसऱ्यानंतर त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला. विजापूर रोडवरच्या एका लॉनवर, कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा मेळावा. त्याच्या आधीच्या रविवारी अजिंक्य महिपतीभाऊंना सोडायला आमच्या अंगणापर्यंत आला. मुलगा चांगला, आवाज खाली ठेवून बोलत होता, पण मी तुळशीला पाणी घालत होते, ऐकू आलं.

"काका, तुमचा सूर आम्हाला कुठंच मिळणार नाही. खरं सांगतो. पण गॅप भरली की गाण्याची मजा जाते. या कार्यक्रमाला तुम्हीच. तिथं जमलं तर पुढं पुण्याचे कार्यक्रम आहेत, सगळे तुमच्यासोबत. नाही जमलं तर पुण्यातलाच एक मुलगा आहे, त्याला घ्यावं लागेल. राग मानू नका."

"राग कसला? बराबर हाय तुमचं," महिपतीभाऊ म्हणाले.

तो गेल्यावर किती तरी वेळ ते अंगणातच उभे होते. मी विचारलं, "चहा टाकू?" तर म्हणाले, "अक्का, ट्रम्पेट एकट्यानं वाजवायचं वाद्य न्हाय. मला काय पुन्याबिन्याचं कौतुक न्हाय. पन चार मानसात हुबं ऱ्हायला मिळत हुतं."

मग ते गच्चीवर तालीम करायला लागले. मी पापड वाळत घालायला गेले की दिसायचे. दोन सूर वाजवायचे, ट्रम्पेट खाली घ्यायचं, ओठ आत दाबून उभं राहायचं. हात आपोआप वर यायला लागला की दुसऱ्या हातानं धरायचे. चोराचा हात धरावा तसा. एकदा स्वतःशीच वैतागून म्हणाले, "वरातीत कसं, पाय तरी चालत असत्यात. हितं नुसतं खांबावानी हुबं ऱ्हायचं!"

एवढं बोलले आणि थबकले. मग दोन सूर वाजवून ट्रम्पेट खाली घेतलं आणि चालायला लागले. जागच्या जागी. डावा, उजवा, डावा, उजवा, वरातीतली संथ चाल. पुन्हा सूर, पुन्हा चाल. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाय वाजिवत्यात आता. त्वांड ऱ्हातंय गप."

खाली आमचे हे ओरडले, "वर कोण नाचतंय? चुना पडतोय ताटात!"

कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. संध्याकाळची वेळ, दिवे नुकतेच लागलेले, पोरापोरींची गर्दी. मला हे हळूच म्हणाले, "आपण दोघंच म्हातारे इथे." महिपतीभाऊ मात्र कुठे दिसेनात. बघते तर बाहेर फाटकाशी, पेटी पोटाशी धरून उभे. आम्ही त्यांच्या शेजारूनच आत आलो होतो, लक्षात आलं नाही. ऋतुजा धावत गेली.

"काका, इथे काय करताय? सगळे शोधतायत!"

"न्हाय, म्हटलं बोलवतील."

मागाहून मला उलगडलं. या लॉनवर त्यांनी कितीदा तरी वरात आणली होती. बँड मांडवाच्या दारापर्यंतच. नवरदेव आत गेला की बँडवाल्यांनी बाहेर थांबायचं, जेवणाला कुणी बोलावलं तर आत जायचं. पाय सवयीनं तिथेच थांबले होते.

ऋतुजानं त्यांचा हात धरून आत नेलं.

मंचावर तिघं ओळीनं उभे राहिले. ऋतुजा, मग अभिमन्यू, आणि उजव्या टोकाला महिपतीभाऊ. त्यांच्या पलीकडे कुणी नाही, नुसता पडदा. लाल कोट नव्हता, अजिंक्यनं दिलेला काळा सदरा होता, बाह्या जरा लांब. पहिलं गाणं सुरू झालं. मी मनात ओम नमः शिवाय धरलं. तिघांनी एकदम सूर टाकला, असा काही खणखणीत की पुढची पोरं ओरडली. आणि थांबले.

तिघंही थांबले.

महिपतीभाऊंनी ट्रम्पेट छातीशी घेतलं आणि जागच्या जागी चालायला लागले. ताठ मान, गंभीर चेहरा. पोरांना वाटलं हा नाचच बसवलाय. शिट्ट्या सुरू झाल्या. "काका! काका!" दुसऱ्या थांब्याला पोरंही पाय हलवायला लागली. अजिंक्यनं गाता गाता मागे वळून बघितलं, आधी कपाळाला आठी, मग हसू. गाण्यामागून गाणी झाली. एकदाही त्यांनी जागा भरली नाही.

एक गोष्ट मात्र मी बघितली. प्रत्येक वेळी थांबले की ते मान किंचित उजवीकडे करायचे. जिथे पडदा होता तिकडे. क्षणभरच. मग पुन्हा समोर.

शेवटी टाळ्या झाल्या, पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. अजिंक्यनं त्यांना मिठी मारली. घरी येताना रिक्षात ते आमच्याबरोबरच होते, पेटी मांडीवर. हे म्हणाले, "काय महिपती, एकदम हिरो झालात की!" तर नुसते हसले.

सकाळी माझी पूजा आटोपायची वाट बघत पायरीवर बसले होते. मी विभूतीचा हात पुसून बाहेर आले. म्हणाले, "घेतलं मला, अक्का. पुन्याला पुढच्या म्हयन्यात."

"सिद्धेश्वराची कृपा," मी म्हटलं आणि साखर आणून हातावर ठेवली. त्यांनी तोंडात टाकली.

"एक सांगू का?"

"सांगा की."

"शिवशरण गेल्यापासनं मी कदी थांबलोच न्हवतो. त्येची जागा बी मीच भरायचो. दम लागायचा, डोळ्याम्होरं अंधार यायचा, पन भरायचो. काल पयल्यांदाच थांबलो." ते अंगणाकडे बघत होते. "आन मला वाटलं, आता त्यो उचलंल. खरंच वाटलं, अक्का. दर येळंला वाटलं. कान लावून हुबा हुतो. कुनीच उचललं न्हाय."

मी त्यांच्याजवळच पायरीवर टेकले.

"आन गंमत म्हंजी," ते म्हणाले, "गानं तुटलं न्हाय. पोरं नाचतच हुती."

मी उठून चहा आणला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत, साय धरेपर्यंत बघत बसले.

"मग जाणार ना पुण्याला?" मी विचारलं.

"जानार की. पोरं चांगली हायत. हितं ऱ्हाऊन तरी कुनाला जोड देऊ?" मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "त्या अजिंक्यला लावून द्या. सांगतो म्हनून आलतो, सांगितलंच न्हाय."

मी नंबर लावून दिला. ते उभे राहून बोलले, मोठ्या आवाजात, लांबचा फोन असल्यासारखे. "अजिंक्य, मी महिपती. येतो मी पुन्याला. व्हय, येतो की. काल तुमी सगळी लई झाक वाजिवलंसा. त्या ऋतुजाला बी सांगा, तिचा सूर लई सरळ हाय. आमचा शिवशरण हुता की न्हाय, त्येचा बी आसाच..."

बोलता बोलता थांबले. फोन कानालाच होता. मला पायरीवरही फोन बंद झाल्याचं टुक-टुक ऐकू आलं. पोरगा घाईत असणार, "ठीक आहे काका" म्हणून त्यानं कधीच ठेवला होता. महिपतीभाऊ आणखी जरा वेळ तसेच उभे राहिले, फोन कानाला लावून, तोंड किंचित उघडं. मग त्यांनी तो खिशात ठेवला, गार झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघाले.